दांडिया बाजारचं तीन मजली घर ते वासणा रोडचा टू बीएचके: आवराआवर कुठून सुरू करावी?

रेवडी_बडोदा
मामंजी ८१, सासूबाई ७६. नवा फ्लॅट पाचव्या मजल्यावर, कार्पेट जेमतेम ७०० चौरस फूट. जायचं दोघांनीच ठरवलंय, त्यामुळे समजूत घालायचा प्रश्न नाही. प्रश्न सामानाचा आहे: जुनं सागवानी कपाट, सहा फुटी झोपाळा, तांब्याचा बंब, माळाभर पितळ, चार कपाटं पुस्तकं आणि ट्रंकभर कागद, त्यातले काही मोडी. हातात दोन महिने. काय ठेवायचं विचारलं की सासूबाई म्हणतात सगळंच, मामंजी म्हणतात काहीच नको.

टेपमाप
"काय ठेवायचं" हा प्रश्नच विचारू नका, त्याला उत्तर नसतं. आधी नव्या फ्लॅटची मापं घ्या: प्रत्येक भिंत, खिडकीची खालची कड, दारं कुठल्या बाजूला उघडतात, प्लगपॉइंट कुठे आहेत. मग जुन्या घराच्या मोठ्या खोलीत फरशीवर खडूने नव्या बेडरूमचा चौकोन आखा आणि पलंग, कपाट, खुर्ची त्यात ठेवून दाखवा. दहा बाय अकराच्या खोलीत दोन कपाटं बसत नाहीत हे त्यांना स्वतःला दिसतं, तुम्हाला सांगावं लागत नाही. पलंगाच्या ज्या बाजूने उतरतात तिथे तीन फूट मोकळे हवेत, नाहीतर रात्री वॉकर फिरत नाही.

यानंतर प्रश्न बदला: "या दोन परातींपैकी कुठली?" निवडायला सोपं जातं.

सकाळी नाश्त्यानंतर दोन तास, त्यापुढे नाही. थकल्यावर माणूस एकतर सगळं ठेवतो नाहीतर सगळं टाकतो, आणि दोन्हीचा दुसऱ्या दिवशी पश्चात्ताप होतो. सुरुवात माळ्यावरून, फोटो आणि पत्रं शेवटी. अल्बम पहिल्या दिवशी उघडला की तो दिवस गेलाच म्हणायचा. "नंतर ठरवू"साठी दोनच खोकी. मुलं-नातवंडांना फोटो पाठवून तारीख द्या, तारखेपर्यंत कळवलं नाही तर वस्तू मोकळी.

सागवानी कपाट लिफ्टमध्ये जाईल का हे फक्त दाराच्या रुंदीवर ठरत नाही, केबिनची उंची आणि खोलीही मोजा. जुनी कपाटं बहुतेकदा खुंट्यांवर जोडलेली असतात: वरचा मुकुट, मधला सांगाडा आणि खालची बैठक सुटी होते. सोडवताना प्रत्येक भागावर खडूने खूण करा, नाहीतर जोडताना दारं तिरकी बसतात आणि कुलूप लागत नाही. छोटा हाथी (लहान टेम्पो) गल्लीत शिरत नसेल तर तोंडापर्यंत हातलारी लागेल, भाव ठरवताना तेही बोलून घ्या.

पोळवाला
पितळेबद्दल. तांबं आणि पितळ वेगळं करून घरीच वजन करा. तांब्याला भाव जास्त, आणि एकत्र दिलं की सगळंच पितळ म्हणून तोललं जातं. लोखंडी कड्या, आतलं शिसं यांची वजावट आधी ठरवा. दोन दुकानी विचारल्याशिवाय देऊ नका. कल्हई गेलेली पातेली शोभेला चालतील, आंबट शिजवायला नाही.

मोडी कागद रद्दीवाल्याच्या जवळपासही जाऊ देऊ नका. गायकवाडी काळातल्या सनदा, घराची खरेदीखतं त्यात निघू शकतात. लॅमिनेशन करू नका, कागद कायमचा वाया जातो. सपाट ठेवून फोटो काढा आणि मोडी वाचणाऱ्याकडून विषय तरी लावून घ्या. हस्तलिखित पोथ्या असतील तर सयाजीराव विद्यापीठाच्या प्राच्यविद्या मंदिरात दाखवा. छापील पुस्तकांची यादी करून मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत विचारा, १९१० पासूनचा संग्रह आहे. न विचारता टेम्पो नेऊन उभा करू नका. दिवाळी अंक सहसा कोणी घेत नाही.

ट्रंकेत कागदी शेअर असले तर बाजूला काढा. १ एप्रिल २०१९ पासून ते डीमॅट (इलेक्ट्रॉनिक खात्यात जमा) केल्याशिवाय विकता येत नाहीत, आणि सही जुळली नाही तर काम लांबतं. मामंजींची सही बदलली असेलच.

रेवडी_बडोदा
झोपाळ्याचं काय? सासूबाई त्याशिवाय यायच्या नाहीत.

टेपमाप
जुन्या घरात तो तुळईच्या कड्यांवर आहे. नव्या स्लॅबचा खालचा भाग ताणात असतो. तिथे भोक पाडून ठोकलेला अँकर झोक्याच्या हिसक्यांनी सैल होतो. वरून प्लेट लावून आरपार बोल्ट घ्यावा तर वर शेजाऱ्यांची फरशी. काही नव्या इमारतींत स्लॅबमध्ये ताणलेल्या केबल असतात, तिथे ड्रिल चालवणं धोक्याचं. म्हणून स्टँड. जुन्या पितळी साखळ्या आणि फळी वापरता येतील, फळी साडेचार फुटांची करून घ्या. पुढे तीन फूट, मागे दोन फूट रिकामे. फळीची उंची १७-१८ इंच. बसताना फळी मागे सरकते आणि माणूस खाली बसतो, म्हणून स्टँडला अडकवायची एक कडी लावा. नीट बसल्यावर ती काढायची.

ओली_फरशी
बाथरूम विसरू नका. नव्या इमारतींत भिंती बऱ्याचदा हलक्या एएसी ब्लॉकच्या (सच्छिद्र काँक्रीटच्या विटांच्या) असतात, स्क्रूचा साधा प्लास्टिक गुल्ला त्यात धरत नाही आणि अख्खं वजन पडलं की आधाराची दांडी हातात येते. केमिकल अँकर (भोकात रसायनाने चिकटवलेला बोल्ट) किंवा भिंतीच्या पलीकडून प्लेट. दांडी ३३ ते ३६ इंच उंचीवर, कमोडची बैठक १७ ते १९ इंच. दाराची कडी बाहेरून उघडता येईल अशी. हे सगळं सामान यायच्या आधी.

पोळवाला
पेन्शन केंद्र सरकारची असेल तर खातं बंद करू नका, फक्त पत्ता बदला. ऐंशी पार केलेल्यांना हयातीचा दाखला १ ऑक्टोबरपासून देता येतो, त्यामुळे शिफ्टिंग आणि दाखला एका आठवड्यात आणू नका.

आणि औषधं, चष्मे, श्रवणयंत्राचे सेल, देव्हाऱ्यातली मूर्ती, चहाची पातेली नि दोन कप: ही पिशवी ट्रकमध्ये नाही, गाडीत तुमच्याजवळ.