राष्ट्राध्यक्षांची चौकशी आणि ‘क्लीन चिट’: आपल्या ग्रुपवरची चर्चा

पाटील काका (सी-१०३): [फॉरवर्ड केलेला मेसेज] २०१६ च्या निवडणुकीत ट्रम्प यांच्या लोकांनी रशियाशी संगनमत केलं का, याची २ वर्षं चौकशी केली, शेकडो साक्षीदार तपासले, हाती काय लागलं? शून्य! चौकशी करणाऱ्या विशेष वकील म्युलरने स्वतःच्या अहवालात ट्रम्प यांना क्लीन चिट दिली. तरी मीडिया गप्प बसत नाही.

सुनंदाताई (बी-४०२): पाटीलसाहेब, रागावू नका, पण क्लीन चिटचं वाक्य खोटं आहे. म्युलर यांनी नेमकं उलट लिहिलंय. राष्ट्राध्यक्षांनी गुन्हा केला असा निष्कर्ष हा अहवाल काढत नाही, पण तो त्यांना दोषमुक्तही करत नाही, असे त्यांचे शब्द आहेत.

पाटील काका: ताई, तुम्ही सरकारी वकील होतात, तुमच्याशी कायद्यावर वाद घालणार नाही. पण मग क्लीन चिट हा शब्द आला कुठून? तेव्हा तर सगळे चॅनल तेच सांगत होते.

सुनंदाताई: ॲटर्नी जनरल, म्हणजे अमेरिकेच्या न्याय खात्याचे प्रमुख, विल्यम बार यांच्या पत्रातून. म्युलर यांनी अहवाल दिला २२ मार्च २०१९ ला. बार यांनी २४ तारखेला काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, ४ पानी पत्र लिहिलं आणि त्यात ठरवून टाकलं की ट्रम्प यांनी न्यायप्रक्रियेत, म्हणजे या चौकशीतच, अडथळा आणल्याचा आरोप सिद्ध होण्याइतका पुरावा नाही. हा निष्कर्ष बार आणि त्यांचे डेप्युटी रोझेनस्टाइन यांचा, म्युलर यांचा नाही. मूळ अहवाल ४४८ पानांचा. तो काही मजकूर झाकून लोकांसमोर आला १८ एप्रिलला. तोवर जगाने ४ पानंच वाचली होती. खुद्द म्युलर यांनी २७ मार्चला बार यांना लेखी कळवलं की आमच्या कामाचा संदर्भ आणि आशय तुमच्या पत्रात नीट उतरलेला नाही. पण तोपर्यंत ‘क्लीन चिट’ पक्की झाली होती.

ओंकार (ए-७०१): ताई, पण गुन्हा केला म्हणत नाही आणि नाही केला असंही म्हणत नाही, हे काय? तपास केला तर निष्कर्ष नको का?

सुनंदाताई: ओंकार, यासाठी थोडं लांबण लावावं लागेल. अमेरिकेच्या न्याय खात्याचं १९७३ सालचं एक मत आहे, २००० साली ते पुन्हा कायम केलं गेलं: पदावर असलेल्या राष्ट्राध्यक्षावर फौजदारी आरोपपत्र ठेवता येत नाही. म्युलर त्याच खात्याने नेमलेले, त्यामुळे ते त्यांच्यावर बंधनकारक. मग त्यांनी पुढचा विचार केला. ज्याच्यावर खटलाच भरता येत नाही त्याला अहवालात ‘तू गुन्हेगार’ म्हटलं, तर त्याला कोर्टात उभं राहून स्वतःचं नाव धुऊन काढायची संधीच मिळत नाही. ते अन्यायाचं. म्हणून आरोप करायचा नाही. पण साक्षीदारांच्या आठवणी ताज्या आहेत, कागदपत्रं हातात आहेत, तोवर पुरावा नोंदवून ठेवायचा, कारण पद सुटल्यावर हे संरक्षण उरत नाही.

सुनंदाताई: २९ मे २०१९ ला म्युलर कॅमेऱ्यासमोर आले आणि म्हणाले, राष्ट्राध्यक्षांनी गुन्हा केलेला नाही अशी आमची खात्री असती तर आम्ही तसं सांगितलं असतं. मला हा माणूस तत्त्वाचा वाटतो. पण खरं सांगते, इतका संयम त्यांनी ठेवायला नको होता. त्यांनी जागा मोकळी सोडली आणि ती ४ पानांनी भरली.

पाटील काका: बरं, माझा मूळ मुद्दा. रशियाशी संगनमत झाल्याचं सिद्ध झालं नाही, हे तर खरं ना? मूळ गुन्हाच नाही, तर अडथळा कशात आणला?

सुनंदाताई: संगनमताचा पुरेसा पुरावा मिळाला नाही हे अगदी खरं, पहिल्या खंडात तसं स्पष्ट लिहिलंय. पण अडथळ्याचा गुन्हा स्वतंत्र असतो. आपल्या कोर्टातही साक्षीदाराला खोटं बोलण्यासाठी धमकावलं, तर मूळ आरोपी सुटला म्हणून धमकावणारा सुटत नाही. तिथे ३ गोष्टी लागतात: अडथळ्याचं कृत्य, त्याचा चालू किंवा होऊ घातलेल्या कारवाईशी संबंध, आणि भ्रष्ट हेतू. तिसरी सगळ्यात अवघड, कारण माणसाच्या मनात शिरता येत नाही, मागचं-पुढचं बघून ताडावं लागतं. आणि ट्रम्प यांनी फक्त लेखी उत्तरं दिली. अडथळ्याबद्दलच्या प्रश्नांना तर तीही नाहीत.

अर्चना (डी-२०४): नक्की केलं काय होतं त्यांनी? मला फक्त एफबीआय या तपास यंत्रणेचे प्रमुख कोमी यांना काढलं एवढंच आठवतंय.

सुनंदाताई: कोमींना ९ मे २०१७ ला काढलं आणि त्यावरूनच १७ मे ला म्युलर यांची नेमणूक झाली. पण मला सगळ्यात गंभीर वाटतो तो पुढचा भाग. जून २०१७ मध्ये, आपलीच चौकशी सुरू आहे अशा बातम्या आल्यावर, ट्रम्प यांनी व्हाइट हाउसचे वकील डॉन मॅकगान यांना घरी फोन करून सांगितलं की म्युलर यांना हटवण्याची व्यवस्था करा. मॅकगान यांनी ते केलं नाही, राजीनाम्याची तयारी केली. पुढच्या वर्षी ही बातमी फुटली तेव्हा, असं काही घडलंच नाही अशी लेखी नोंद करा, असा त्यांच्यावर दबाव आला. तेही त्यांनी नाकारलं. ट्रम्प यांनी हे सगळं फेटाळलं आहे, तेही सांगायला हवं. पण मॅकगान यांनी हे चौकशीत सांगितलंय.

सुनंदाताई: अहवालातलं एक निरीक्षण मी विसरू शकत नाही. चौकशीवर प्रभाव टाकण्याचे प्रयत्न बहुतेक फसले, आणि ते मुख्यतः यासाठी की भोवतालच्या माणसांनी आदेश पाळायला नकार दिला. म्हणजे एवढ्या मोठ्या देशात न्यायप्रक्रिया वाचली ती ४-५ माणसांनी हात आखडता घेतला म्हणून! ती माणसं नसती तर?

देशमुख (सेक्रेटरी): चर्चा चांगली चाललीये, फक्त वरची सूचना खाली जातेय म्हणून पुन्हा: उद्या १० ते २ टाकी सफाई, पाणी भरून ठेवा. चालू द्या.

अर्चना: निक्सनचंही असंच होतं ना? वॉटरगेट?

सुनंदाताई: हो, आणि मॅकगान यांना तीच आठवण झाली होती. २० ऑक्टोबर १९७३, शनिवार. वॉटरगेट म्हणजे विरोधी पक्षाच्या कार्यालयातली घुसखोरी आणि ती दडपण्याचा प्रकार. त्याचा तपास करणारे विशेष वकील आर्चिबाल्ड कॉक्स राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या कार्यालयातल्या संभाषणांच्या टेप मागत होते. निक्सन यांनी ॲटर्नी जनरल रिचर्डसन यांना सांगितलं, कॉक्सना काढा. त्यांनी राजीनामा दिला. मग त्यांच्या खालच्या रकलशॉस यांना सांगितलं. त्यांनीही नकार देऊन पद सोडलं. शेवटी तिसऱ्या क्रमांकावरच्या बोर्क यांनी आदेश पाळला. पण लोक इतके संतापले की नवे विशेष वकील लिऑन जॉवर्स्की नेमावे लागले. टेपचा वाद सुप्रीम कोर्टात गेला आणि २४ जुलै १९७४ ला निकाल लागला, ८ विरुद्ध ०: टेप द्या. त्यात २३ जून १९७२ चं बोलणं निघालं. सीआयए या गुप्तचर संस्थेला पुढे करून एफबीआयचा तपास थांबवा, असं निक्सन यांच्याच आवाजात. ९ ऑगस्टला निक्सन पायउतार झाले.

ओंकार: म्हणजे तिथे पुरावा आवाजात होता, इथे साक्षीत.

सुनंदाताई: बरोबर. आणि तेव्हा स्वतःच्या पक्षाचे लोकही निक्सन यांना सोडून गेले. नाहीतर टेप असूनही निभावलं असतं कदाचित. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्यावरही महाभियोगात अडथळ्याचा आरोप होता, सिनेट या वरिष्ठ सभागृहात १२ फेब्रुवारी १९९९ ला ५०-५० मतं पडली आणि ते सुटले, दोषी ठरवायला दोन तृतीयांश लागतात. ट्रम्प यांच्यावर डिसेंबर २०१९ मध्ये महाभियोग आला तो मात्र युक्रेनवर दबाव आणल्याच्या आरोपावरून, म्युलर अहवालावरून नाही. लोक या दोन्हीची गल्लत करतात.

पाटील काका: ताई, सगळं मान्य. पण एफबीआयचा प्रमुख काढायचा अधिकार घटनेनेच राष्ट्राध्यक्षाला दिलाय. अधिकार वापरला म्हणून गुन्हा कसा?

सुनंदाताई: हाच खरा प्रश्न आहे आणि तुम्ही तो रास्त विचारलात. अधिकार आहेच. पण आपल्या सोसायटीच्या हिशेबाची चौकशी लागली आणि अध्यक्षांनी नेमक्या त्याच आठवड्यात ऑडिटर हटवला, तर तुम्ही ‘नियमात बसतं’ म्हणून गप्प बसाल का? का हटवला, हे विचारालच. अधिकार कशासाठी वापरला यावरच सगळं ठरतं.

सुनंदाताई: आणि १ जुलै २०२४ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने हा ‘का’च विचारायची सोय काढून घेतली. राष्ट्राध्यक्षाच्या मूलभूत घटनात्मक अधिकारांतल्या कृतींना पूर्ण संरक्षण, न्याय खात्याशी त्याने केलेल्या चर्चेलाही पूर्ण संरक्षण, आणि अधिकृत कृतीमागचा हेतू कोर्टाने तपासायचा नाही. मघाशी सांगितलेल्या ३ गोष्टींतली तिसरी आठवा. हेतूच तपासायचा नाही म्हटल्यावर पदाचा अधिकार वापरून आणलेला अडथळा सिद्ध कसा करणार? मला हा निकाल फार चुकीचा वाटतो. असा निकाल १९७४ मध्ये असता तर निक्सन यांनी तोच पुढे केला असता.

अर्चना: आपल्याकडे काय आहे?

सुनंदाताई: कलम ३६१. राष्ट्रपती आणि राज्यपाल पदावर असेपर्यंत त्यांच्यावर फौजदारी कारवाई नाही. पद गेलं की संरक्षण गेलं. कल्याणसिंह राजस्थानचे राज्यपाल होते तोवर बाबरी प्रकरणात त्यांच्यावर आरोप निश्चित झाले नाहीत, २०१९ मध्ये पद सुटल्यावर झाले. पुढच्या वर्षी ते निर्दोष सुटले, पण कोर्टात जाऊन सुटले. पंतप्रधान आणि मुख्यमंत्र्यांना ३६१ लागू नाही.

पाटील काका: अहवाल कुठे मिळेल? सगळी ४४८ पानं नाही वाचणार.

सुनंदाताई: अमेरिकेच्या न्याय खात्याच्या साइटवर फुकट आहे. दुसऱ्या खंडाची सुरुवातीची २ पानं वाचा, आरोप का केला नाही ते तिथे आहे. मग मॅकगान यांचा भाग. बाकी राहिलं तरी चालेल.

पाटील काका: ठीक. फॉरवर्ड डिलीट करतो. पण कोमींना काढणं हा गुन्हा होता, हे मला अजून पटलेलं नाही.

सुनंदाताई: कोमींच्या बाबतीत वाद होऊ शकतो, ते मलाही मान्य आहे. मॅकगान यांना खोटी नोंद करायला सांगणं वाचा, मग बोलू.