मदत हवी आहे : कोळीवाड्यातल्या पर्यटनाचा आराखडा रहिवासी आणि महापालिका यांनी मिळून कसा करावा?

खाडीकाठ :

नमस्कार मंडळी,

मुंबईच्या उत्तर-पश्चिम किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यात मी राहतो आणि आमच्या मच्छीमार सहकारी सोसायटीची लिखापढी पाहतो. वॉर्ड ऑफिसने आमच्याकडून कोळीवाडा पर्यटनाविषयी लेखी प्रस्ताव मागवला आहे. सोबत आलेल्या नमुन्यात प्रवेशकमान, रंगवलेल्या भिंती, सेल्फी पॉइंट, खाऊचे ठेले आणि पेव्हर ब्लॉक असे रकाने आहेत. माणसे किती यावीत, कोणत्या वेळी यावीत, त्यांचा कचरा कोणी उचलावा आणि आलेला पैसा कोणाच्या हाती जावा, यांपैकी एकाही गोष्टीला त्यात जागा नाही. नमुना तासाभरात भरून देता येईल. पण तो तसाच गेला तर पुढच्या सगळ्या बैठका कमानीच्या रंगावर होतील, अशी मला धास्ती वाटते.

पर्यटन आमच्याकडे यायचे आहे असे नाही, ते कधीच आले आहे. ऑक्टोबरनंतर दर रविवारी ओहोटीच्या वेळी मोटरसायकली थेट पुळणीवर उतरतात. तिथेच बांबूच्या वलांड्यांवर बोंबील टांगलेले असतात आणि खाली जाळ्यांवर जवळा पसरलेला असतो. जवळ्यावरून एकदा चाक गेले की त्यात वाळू मिसळते आणि तो माल मग कोंबडीखाद्याच्या भावाने द्यावा लागतो. मासे साफ करत बसलेल्या बायकांचे फोटो न विचारता काढले जातात. वस्तीसाठी बांधलेल्या सार्वजनिक शौचालयापुढे सुट्टीच्या दिवशी पाहुण्यांची रांग लागते आणि तिथले पाणी दुपारीच संपते. या गर्दीतून वस्तीला काय मिळते, असे विचाराल तर रस्त्यालगतच्या चार-पाच घरांना पार्किंगचे आणि सरबताचे पैसे मिळतात. आतल्या गल्लीतल्या घरांच्या वाट्याला आवाज आणि कचरा येतो.

मी शाश्वत पर्यटनाविषयी जे वाचले त्यात ग्रामपंचायत आणि ग्रामसभा यांना मध्यवर्ती स्थान दिलेले असते. केरळमध्ये २००८ साली कुमरकोम येथे जबाबदार पर्यटनाचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा पंचायतीने हॉटेलवाल्यांना आणि कुटुंबश्रीच्या महिला गटांना एकत्र बसवले, हॉटेलांनी भाजीपाला आणि इतर जिन्नस गावातूनच घ्यावेत असे ठरवले आणि भाव व प्रत यांवर देखरेख ठेवण्यासाठी समित्या नेमल्या. आपल्याकडे साताऱ्याच्या कास पठारावर लगतच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीने वन विभागाबरोबर फुलांच्या हंगामात रोजच्या पर्यटकसंख्येला मर्यादा घातली, ऑनलाइन नोंदणी सुरू केली आणि शुल्कातून गावातल्याच मुलांना काम दिले. समुद्रापलीकडच्या घारापुरीला, जिथे लेणी पाहायला जगभरातून माणसे येतात, स्वतःची ग्रामपंचायत आहे. आम्ही मात्र मुंबई महापालिकेच्या हद्दीत आहोत. आम्हाला सरपंच नाही, ग्रामसभा नाही, आणि येणाऱ्यावर एक रुपयाही कर लावण्याचा अधिकार नाही. ७४व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या दिल्या. पण एवढ्या मोठ्या प्रभागात आमची वस्ती हा नकाशावरचा एक कोपरा आहे. नगरसेवकाकडे जावे, तर मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपल्यावर कारभार बराच काळ प्रशासकाच्या हाती राहिला आणि त्या काळात दाद मागायला कोणी उरले नव्हते.

दुसरी अडचण आमच्या घरातलीच आहे आणि ती मला पहिलीपेक्षा मोठी वाटते. 'स्थानिकांचा सहभाग' असे आपण सहज लिहितो, परंतु स्थानिक म्हणजे कोण? जमातीच्या, म्हणजे कोळी समाजाच्या, सभेत नाखवे (बोटींचे मालक) बोलतात. बोटीवरचे खलाशी बव्हंशी बाहेरगावचे असल्याने ते सभेला नसतात. मासळी विकून घर चालवणाऱ्या बायका सभेच्या वेळी बाजारात असतात. भाडेकरूंना कोणी बोलावत नाही. मग या सभेत झालेला ठराव 'कोळीवाड्याचा ठराव' म्हणून मी कोणत्या तोंडाने पाठवू?

शिवाय पर्यटनामुळे बंदीच्या काळात हातभार लागेल, असे जे आम्हाला सांगितले जाते ते हिशेबात बसत नाही. मासेमारी बंदी जून-जुलैची. त्याच दिवसांत समुद्र उसळलेला असतो आणि किनाऱ्यावर माणसे आणणे धोक्याचे असते. आमच्यापासून फार दूर नसलेल्या अक्सा किनाऱ्यावर पावसाळ्यात किती जण बुडाले आहेत, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

माझे विचारणे असे आहे की, ग्रामपंचायत नसलेल्या शहरी वस्तीने पर्यटनाविषयी स्वतःचे नियम ठरवून ते महापालिकेकडून मान्य करून घ्यायचे असतील, तर कायद्यात त्यासाठी कोणता मार्ग आहे? किनारा नियमन क्षेत्रात आमच्या घरांत पाहुणे ठेवता येतात का? निधी कोणत्या खात्याकडे मागावा? आणि ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी सुरुवात कोठून केली?

नकाशेवाला :

नमस्कार. मी नगररचनेच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे कागदापासून सुरुवात करतो.

घरांत पाहुणे ठेवण्याविषयीचे उत्तर 'होय' असे आहे. २०१९ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेत मच्छीमारांसह स्थानिक रहिवाशांना 'होम स्टे'द्वारे पर्यटन करण्याची मुभा आहे. मात्र घराचे जोत्याचे क्षेत्र, रचना आणि दर्शनी भाग बदलता येत नाही. म्हणजे आहे त्या घरातली एखादी खोली द्यायची; पाहुण्यांच्या नावाखाली वर मजला चढवला की ती सवलत संपली. ही अट प्रस्तावात तुम्ही स्वतःहून लिहा, कारण उद्या बाहेरचा गुंतवणूकदार जुनी घरे विकत घेऊ लागला तर तीच तुमची ढाल होईल. पुळणीवर तात्पुरती शौचालये, कपडे बदलण्याच्या खोल्या, पिण्याचे पाणी अशा सोयी करण्यासही ती अधिसूचना भरतीरेषेपासून अंतर राखून वाव देते. वस्तीच्या शौचालयावरचा भार तिथे हलवता येईल. मंजुरी महाराष्ट्र किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडून घ्यावी लागेल, आणि त्याला वेळ लागतो.

क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागातल्या एका छोट्या भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद २००९ मध्ये आपल्या महापालिका कायद्यांत आली, परंतु तिच्या भरवशावर थांबू नका. माझ्या मते तुमच्यासाठी अधिक उपयोगाचा मार्ग म्हणजे सोसायटी आणि महापालिका यांच्यातला लेखी करार. जागा पालिकेची किंवा शासनाची राहील, रोजची व्यवस्था सोसायटी पाहील आणि पार्किंगच्या किंवा ठेल्यांच्या उत्पन्नातला ठरलेला हिस्सा वस्तीच्या कामांसाठी राखला जाईल, असे त्यात कलमवार लिहून घ्या. निधीसाठी उपनगर जिल्ह्याच्या जिल्हा नियोजन समितीकडे स्वतंत्र अर्ज करा. पालिकेच्या सुशोभीकरणाच्या निधीतून कमानीच मिळतात, हा तुमचा अंदाज चुकीचा नाही.

या सगळ्याआधी मात्र एक नकाशा करा. कोणत्या जागेवर कोणत्या महिन्यात बोंबील सुकतात, जाळी कुठे विणली जातात, बोटी कुठे ओढल्या जातात, बर्फाची गाडी कोणत्या वाटेने येते, उधाणाचे पाणी कुठवर चढते, हे सगळे त्यावर दाखवा. कोळीवाड्यांच्या सीमांकनाचा प्रश्न मुंबईत वर्षानुवर्षे रेंगाळला आहे, आणि त्यात वस्तीच्या घरांची हद्द मोजली जाते पण वाळवणाच्या मोकळ्या जागा रिकाम्या जमिनी समजून सुटतात. पर्यटनाच्या आराखड्यात त्याच जागेवर पार्किंग दाखवले जाते. तुम्ही आधी नकाशा दिलात तर निदान 'आम्हाला माहीत नव्हते' असे कोणाला म्हणता येणार नाही.

वेसावकरीण :

खाडीकाठदादा, तुम्ही बायकांच्या सभेला न येण्याविषयी लिहिलेत म्हणून मुद्दाम लिहीत आहे. सभा रात्री साडेआठनंतर ठेवा, आणि जमातीच्या कार्यालयात न ठेवता बाजाराजवळच्या अंगणात ठेवा. एवढ्याने निम्म्या बायका येतील. उरलेल्यांसाठी गल्लीगल्लीतून एकेक बाई निवडा आणि ठरावावर सही घेताना त्यांची सही पहिली घ्या.

माहीम कोळीवाड्यात महापालिकेने २०२३ मध्ये महिला बचत गटांना घेऊन सीफूड प्लाझा सुरू केला. तिथे जाऊन त्या बायकांशी बोला. अधिकाऱ्यांशी बोलून समजणार नाही अशा गोष्टी त्या सांगतील : सांडपाणी कुठे सोडतात, गॅस सिलिंडर कोणाच्या नावावर आहे, पावसात काय होते, नातेवाइकांच्या गटांतच ठेले वाटले जाऊ नयेत म्हणून काय करावे लागते. अन्नपदार्थ विकणाऱ्या प्रत्येक गटाची अन्न सुरक्षा नोंदणी लागेल, ती गटांनी स्वतःच्या नावाने करावी. एखाद्या ठेकेदाराच्या नावाने केली तर आपण आपल्याच दारात मजूर होतो.

फोटोंविषयी पाटी लावून उपयोग नाही, हे आमच्याकडे पाहिले आहे. त्याऐवजी पाहुण्यांचे गट वस्तीतल्याच मुलींनी फिरवावेत आणि फोटो कुठे काढायचे, कुठे नाही, ते त्यांनीच सांगावे. माणूस सोबत असला की पाहुणा मर्यादेने वागतो. आणि ती फेरी फुकट ठेवू नका. आपल्याकडे पाहुणचार करण्याची सवय असल्यामुळे पैसे मागताना जीभ अडखळते, ते सोडावे लागेल.

दर्यासारंग :

प्रस्तावात कोणी 'बोटीतून सफर' असे लिहिले असेल तर ते तूर्त काढून टाका, अशी माझी सूचना आहे. मासेमारीच्या परवान्यावर प्रवासी नेता येत नाहीत. त्यासाठी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे नौकेची वेगळी नोंदणी, तपासणी आणि विमा लागतो. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीच्या मार्गावर प्रवासी बोटीला जो अपघात झाला त्यानंतर जीवरक्षक जॅकेटांबाबत कडक धोरण आले आहे, आणि ते योग्यच आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिलांचा एक बचत गट स्वतः होड्या वल्हवून कांदळवनाची सफर घडवतो. तसे करायचे असेल तर वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे जा. त्यांच्या योजनेत गावपातळीवर सह-व्यवस्थापन समित्या नेमतात आणि प्रशिक्षणही देतात. तुमच्या खाडीत कांदळवन असेल तर शहरात राहूनही तुम्हाला ग्रामसभेच्या जवळ जाणारी एक अधिकृत समिती त्यातून मिळू शकेल, असे मला वाटते.

उत्तनपल्याड :

माझा सूर थोडा वेगळा आहे. गोराई-मनोरी-उत्तन पट्ट्यासाठी एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) पर्यटन विकासाचा आराखडा आणला, तेव्हा गावांनी विरोध केला. कारण त्यातली हॉटेले दिसत होती आणि शेती-मासेमारी दिसत नव्हती. तुमच्या सभेत 'पर्यटन नको' हा पर्यायही मतदानाला ठेवा. तो नाकारला गेला तरी नोंदवला जाईल, आणि पालिकेला कळेल की होकार गृहीत धरलेला नाही.

खाडीकाठ :

सर्वांचे मनापासून आभार. उत्तनपल्याड यांची सूचना ऐकून सोसायटीतले काही जण नाराज झाले, तरी ती मी विषयपत्रिकेत घेतली आहे. वॉर्ड ऑफिसला नमुना भरून न देता वाळवणाच्या जागांचा नकाशा, रविवारच्या वाहनसंख्येची वस्तीनेच केलेली मोजणी आणि कराराचा कच्चा मसुदा पाठवायचा, असे कार्यकारिणीत ठरले. बोटसफर वगळली आहे. सभा बाजाराजवळ होईल. वेसावकरीणताई, शक्य असल्यास आपण त्या दिवशी यावे, अशी विनंती आहे.

एक शंका राहिली. पार्किंगचे आणि फेऱ्यांचे पैसे सोसायटीच्या खात्यात घ्यावेत की वेगळी संस्था काढावी? सोसायटीचे सभासद नाखवेच आहेत, त्यामुळे पैसे तिथे गेले तर खर्चाचा निर्णयही त्यांच्याच हाती राहील.

नकाशेवाला :

दोन्ही मार्ग खुले आहेत. सोसायटीतच ठेवायचे असेल तर उपविधींत (सोसायटीच्या नियमावलीत) दुरुस्ती करून पर्यटन निधीचे स्वतंत्र खाते आणि त्यासाठी वेगळी उपसमिती निर्माण करा. दुरुस्तीला सर्वसाधारण सभेत दोन तृतीयांश मते आणि निबंधकांकडे नोंदणी लागते, आणि नोंदणी होईपर्यंत ती लागू होत नाही. परंतु उपसमितीत सभासद नसलेल्यांना, म्हणजे बचत गटांना आणि भाडेकरूंना, मतदानाचा हक्क देणे अवघड जाईल. तुमची चिंता तीच असेल तर सार्वजनिक न्यास नोंदवा, विश्वस्तांत सोसायटी, बचत गट आणि जमात यांच्या जागा ठरवून ठेवा आणि महापालिकेशी करार त्या न्यासाच्या नावाने करा. मसुदा तयार झाला की इथेच टाका. पार्किंगच्या कलमात 'ठेकेदार नेमण्याचा अधिकार' असा शब्दप्रयोग हळूच घुसतो, तो मी पाहून देईन.