मार्चमध्ये सात रात्री, आम्ही चौघं: पॅरिस की प्राग?

धागा

नमस्कार. मी जर्मनीत लाइपझिगला मास्टर्स करतेय, पहिलं वर्ष. मार्चमध्ये लेक्चर्स नसतात, तेव्हा चौघांनी मिळून फिरायला जायचं ठरतंय. आम्ही दोघी इथल्याच, एक मैत्रीण नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला आणि एक मित्र इंग्लंडात लीड्सला. कॉलेज संपल्यापासून चौघं एका जागी आलेलोच नाही, त्यामुळे हा योग काहीही करून जुळवायचाय.

यादी अशी: ॲमस्टरडॅम, पॅरिस, व्हेनिस, व्हिएन्ना, प्राग, बुडापेस्ट. माणशी ५०० युरो, सगळं धरून. आमच्यातल्या एकीला अजून पार्टटाइम काम मिळालेलं नाही. तिला हेही जड जाणार आहे, पण ती तोंडाने म्हणायची नाही. म्हणून स्वस्तात कसं बसवता येईल ते सांगा. इंटररेल पास (एकाच पासवर युरोपभर रेल्वेने फिरता येतं तो) घ्यावा का?

प्रतिसाद १

वयाने मोठी आहे, म्हणून एकेरीच लिहिते. यादीतली निम्मी नावं आजच खोड. सात रात्रींत सहा शहरं म्हणजे रोज सकाळी बॅगा भरा, स्टेशन गाठा, दुपारी नवं हॉस्टेल शोधा. मी शिकत असताना नऊ दिवसांत सात शहरं केली होती. आज त्यातल्या दोन शहरांचं स्टेशन सोडून काहीच आठवत नाही.

प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट हे एका रेल्वेमार्गावर ओवलेले आहेत. ड्रेस्डेनहून प्राग अडीच तासांच्या आत, प्रागहून व्हिएन्ना चार तास, तिथून बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आसपास. लाइपझिग ते ड्रेस्डेन तुमच्या डॉइचलांडटिकटवर (जर्मनीभरच्या रिजनल गाड्यांचा पास) रिजनल गाडीने वेगळे पैसे न देता होईल, पुढचं तिकीट ड्रेस्डेनपासून काढा. तीनच मोठे टप्पे असतील तर इंटररेल परवडत नाही. महिना-दीड महिना आधी सुटी तिकिटं काढलीत तर तीच स्वस्त पडतात.

प्रतिसाद २

मार्ग नंतर ठरवा, आधी लीड्सच्या मित्राचं बघा. तुम्हा तिघींकडे रेसिडन्स परमिट आहे, त्यावर बाकीच्या शेंगेन देशांत (एकच व्हिसा चालतो ते युरोपातले देश) १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं. त्याचा इंग्लंडचा स्टुडंट व्हिसा इथे चालत नाही, शेंगेन व्हिसा वेगळा काढावा लागेल. फी ९० युरो, शिवाय किमान ३०,००० युरोचं कव्हर असलेला प्रवास विमा.

अर्ज ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे करायचा. दिवस सारखे असतील तर जिथे पहिलं पाऊल टाकणार तिकडे. तो आधी चार दिवस तुमच्याकडे लाइपझिगला राहून मग निघणार असेल तर अर्ज जर्मनीकडे जातो, हे हिशेबात धरा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. अपॉइंटमेंट मिळायलाच आठवडे जातात, म्हणून त्याला आज रात्रीच फोन करा. माझा एक मित्र याच कारणाने मागे राहिला होता. आम्ही तिघं गेलो खरे, पण सगळ्या ट्रिपभर ते मनाला लागून राहिलं.

आणि पासपोर्ट चौघांनीही जवळ ठेवा. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्या जमिनी सीमांवर तपासणी सुरू केली आहे, गाडीत पोलीस चढतात.

प्रतिसाद ३

मी पॅरिसच्या बाजूने. २६ च्या आत वय असेल आणि युरोपातलं परमिट असेल तर तिथलं लूव्हर संग्रहालय फुकट. ओर्से संग्रहालयही तसंच. लूव्हर मंगळवारी बंद, ओर्से सोमवारी. मी तिथे तीन दिवस नुसती चित्रं बघत फिरले, तिकिटाला एक युरो लागला नाही.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. पॅरिसचं वाचून खूप मोह झाला, ताई. पण लीड्सवाल्याला ती सवलत नाही, आणि तिघी फुकट आत जाणार, तो पैसे भरणार, हे बरं वाटत नाही. ते पुढच्या वर्षी. त्याला काल फोन केला, त्याने अजून काहीच केलेलं नव्हतं!

आता प्राग दोन रात्री, व्हिएन्ना तीन, बुडापेस्ट दोन. तो थेट प्रागला विमानाने येईल, म्हणजे अर्ज ऑस्ट्रियाकडे. पैशांचं मात्र अजून अडतंय.

प्रतिसाद १

छान बसवलंस. किचन असलेलं हॉस्टेल घ्या, एक वेळचं तिथेच रांधा. रविवारी व्हिएन्नात दुकानं बंद असतात, सामान शनिवारीच आणा. जे फुकट आहे त्याभोवती दिवस आखा, म्हणजे काम न मिळालेल्या तुझ्या मैत्रिणीला कुठे नाही म्हणायची वेळच येणार नाही. प्रागला चार्ल्स पूल उजाडताना, मग लेत्ना टेकडीवरून खालचे सगळे पूल एका ओळीत. व्हिएन्नात शोनब्रुन राजवाड्याची बाग फुकट आहे, वर टेकडीवरच्या ग्लोरिएट या वास्तूपर्यंत चढून जा. स्टेट ऑपेराची उभं राहून बघायची तिकिटं त्याच दिवशी स्वस्तात मिळतात. पाय दुखतील, तरी जाच. बुडापेस्टला रात्री बत्थ्यानी चौकातून नदीपलीकडची संसद बघा. संसदेच्या काठावरून दोन नंबरची ट्राम जाते. संसदेजवळच नदीकाठी लोखंडी बुटांचे ६० जोड आहेत, १९४४-४५ मध्ये तिथे गोळ्या घातलेल्या ज्यूंच्या आठवणीसाठी. तिथे थोडा वेळ थांबा.

प्रतिसाद २

प्रागला कोरुना, बुडापेस्टला फोरिंट. एटीएम विचारेल 'युरोत वळते करू का', तेव्हा नाही म्हणा, नाहीतर दर फार वाईट लागतो. ट्रामचं कागदी तिकीट नुसतं काढून भागत नाही, मशीनमध्ये घालून त्यावर वेळ छापून घ्यायची. मी प्रागला ते विसरलो आणि दंड भरला.

खर्चाचं म्हणाल तर, हॉस्टेल आणि गाड्यांचे त्या मैत्रिणीचे पैसे तू आधी भर आणि तिला म्हण, काम लागलं की दे. आमच्यात एकाने माझ्यासाठी हेच केलं होतं. चौघांसमोर विषय काढू नकोस, तिला एकटीला गाठून सांग.

धागाकर्ती

हेच करते. आज संध्याकाळी लायब्ररीतून परतताना बोलते तिच्याशी.

प्रतिसाद १

एक राहिलं. ड्रेस्डेनहून प्रागला जाताना डाव्या बाजूच्या खिडक्या पकडा, एल्ब नदी त्या बाजूला आहे.