मदत हवी आहे: एसी लावला की सासूबाईंचा खोकला वाढतो
नमस्कार मंडळी. आम्ही रंकाळ्याजवळ राहतो. पावसाळाभर भिंतींना ओल होती, आता एसी लावला की खोलीत कुबट वास सुटतो आणि सासूबाई रात्रभर खोकतात. त्यांना दमा आहे, त्यामुळे माझा डोळ्याला डोळा लागत नाही. एसीची जाळी दर १५ दिवसांनी धुते, पण ती जाड धूळच अडवते, पीएम २.५ म्हणजे हवेतले अगदी बारीक कण नाही. शिवाय आमचा स्प्लिट एसी बाहेरची हवा घेत नाही, खोलीतलीच फिरवतो. खिडकी उघडावी तर रस्त्याची धूळ!

आतली कॉइल आणि पाण्याचा ट्रे नीट उघडून धुणारा भरवशाचा माणूस कोल्हापुरात कुणाला माहीत आहे का? हेपा फिल्टरचा (असे बारीक कणही अडवणारा) हवेचा प्युरिफायर घ्यावा, की आधी भिंतीची ओल काढावी? खोली १० बाय १२ ची आहे. घरात दम्याचा पेशंट असणाऱ्यांनी कृपया सांगा.