रोजच्या वापरासाठी जुनी अमेरिकन गाडी: पुण्यात कोणती परवडेल?

प्रश्न – कोथरूडकर

नमस्कार. गेली 2 वर्षे मी रोजच्या वापरासाठी जुनी अमेरिकन गाडी घेण्याचा विचार करीत आहे. कोथरूड ते कॅम्प आणि परत असे आठवड्यातून 5 दिवस जाणे-येणे, आणि महिन्या-दोन महिन्यांतून खंबाटकी ओलांडून साताऱ्याजवळच्या आमच्या गावी एक फेरी, एवढे तिने करावे अशी अपेक्षा आहे. किंमत आणि सुरुवातीची दुरुस्ती मिळून 8 लाखांच्या वर जाणे मला शक्य नाही.

मी 3 गाड्या पाहून ठेवल्या आहेत. पहिली 1972 ची, अमेरिकन आराखड्याची, पेट्रोल इंजिनाची महिंद्र सीजे-3बी जीप, दुसरी कुर्ल्यात जुळणी झालेली 1953 ची डॉज किंग्जवे, आणि तिसरी 1965 ची डाव्या स्टिअरिंगची शेव्हरोले इम्पाला, जिचे मूळ इंजिन काढून मॅटाडोरचे डिझेल इंजिन बसवलेले आहे. माझे मन इम्पालावर आहे. विकणारे गृहस्थ तिची नोंदणी ‘व्हिंटेज’ म्हणून करून घ्या, असे सुचवतात. त्याने काही फायदा होतो का, हेही जाणकारांनी सांगावे.

उत्तर – संगमपूल

आपण शेवटी विचारलेल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण आपला निर्णय मुळात त्यावरच ठरेल. जुलै 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षे उलटलेली आणि मूळ स्वरूपात टिकवलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये असून ती 10 वर्षे चालते आणि गाडीला ‘व्हीए’ मालिकेतील क्रमांक मिळतो. परंतु अशी गाडी प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. रोज कॅम्पात नेण्यासाठी ती नोंदणी आपल्या कामाची नाही. शिवाय मॅटाडोरचे इंजिन असलेल्या गाडीला ‘मूळ स्वरूपात’ म्हणणे कठीणच आहे.

म्हणजे आपल्याला साधीच नोंदणी जिवंत असलेली गाडी हवी. तिचे नूतनीकरण दर 5 वर्षांनी करावे लागते आणि त्यासोबत पर्यावरण करही भरावा लागतो. एप्रिल 2022 मध्ये 15 वर्षांपुढील मोटारीचे नूतनीकरण शुल्क 600 रुपयांवरून 5,000 झाले आणि आयात गाडीचे 40,000 झाले. ऑगस्ट 2025 मध्ये 20 वर्षांपुढील गाड्यांसाठी हेच आकडे 10,000 आणि 80,000 करण्यात आले. त्यामुळे आर.सी. बुकावर गाडीची नोंद आयात म्हणून आहे की नाही, हे सौद्याआधी डोळ्यांनी पाहावे. पुस्तकात इंधन ‘पेट्रोल’ आणि बॉनेटखाली डिझेल इंजिन असेल, तर पासिंगच्या दिवशी ती गाडी परत पाठवली जाईल. डाव्या स्टिअरिंगला मोटार वाहन कायद्याच्या कलम 120 नुसार चालू स्थितीतील यांत्रिक किंवा विद्युत दिशादर्शक असावा लागतो, तोही तपासावा.

चासीवरचा क्रमांक स्वतः शोधावा. रॉकेलने भिजवलेल्या फडक्याने ग्रीस पुसावे, त्यावर कागद धरून पेन्सिल घासावी आणि उमटलेला एकेक आकडा पुस्तकाशी ताडून पाहावा. माझ्या पहिल्या गाडीत एका आकड्याचा फरक निघाला आणि तो दुरुस्त करून घेण्यात माझे 11 महिने गेले.

उत्तर – साइड व्हॉल्व्ह

माझ्याकडे 14 वर्षांपासून किंग्जवे आहे आणि पावसाळ्याचे चार-सहा दिवस सोडले तर ती रोज बाहेर पडते, म्हणून आग्रहाने लिहितो. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या प्रीमियर कारखान्यातून 1947 पासून डॉज आणि प्लिमथ बाहेर पडू लागल्या. आपल्या हवेत आणि आपल्या मिस्त्रींच्या हाताखाली या गाड्यांची कित्येक दशके गेलेली आहेत. 6 सिलिंडरचे, सुमारे 3.6 लिटरचे साइड व्हॉल्व्ह इंजिन (ज्यात व्हॉल्व्ह वर नसून सिलिंडरच्या बाजूला असतात) इतके साधे आहे की डोके, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, उतरवण्यासाठी पाना आणि धीर एवढेच लागते. शिसेविरहित पेट्रोलने व्हॉल्व्हच्या सीट, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो त्या बैठका, झिजतील अशी धास्ती अनेक जण घालतात, पण डॉजच्या मूळ कंपनीच्या, क्रायस्लरच्या, या इंजिनांत एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट कारखान्यातूनच कठीण धातूच्या असतात.

खरी अडचण सध्याच्या 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची आहे. गेल्या वर्षी माझी गाडी कर्वे रस्त्यावर बंद पडली तेव्हा इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाची काचेची वाटी उघडली. तळाशी तपकिरी गाळ होता आणि डायफ्रामचे (पंपातल्या पडद्याचे) रबर भिजलेल्या पापडासारखे फुगून मऊ झाले होते. जुन्या रबरी नळ्या, डायफ्राम आणि बुचाचे गॅस्केट हे सारे इथेनॉल सोसणाऱ्या साहित्याचे बसवून घ्यावे, आणि तो खर्च पहिल्याच महिन्यात धरावा. एप्रिलमध्ये खंबाटकी चढताना पंपातच पेट्रोलची वाफ होऊन गाडी थांबते. त्यासाठी पाण्याची बाटली आणि एक जाड फडके सोबत असू द्यावे. पंपावर ओले फडके ठेवले की 10 मिनिटांत ती पुन्हा चालू होते.

ब्रेकवर मात्र एक पैसाही वाचवू नका. चारही चाकांना एकच मास्टर सिलिंडर (पेडल दाबताच ब्रेकचे तेल चाकांकडे ढकलणारा) आणि तेलाची एकच वाट असते. कुठेही गळती झाली की पेडल थेट तळाला जाते. हँडब्रेकही मागच्या चाकांवर नसून गिअरबॉक्समागच्या शाफ्टवर असतो. तो उभी गाडी धरून ठेवण्यासाठी असतो, पळती गाडी थांबवण्यासाठी नव्हे. कात्रजचा जुना घाट उतरताना माझे पेडल मऊ पडले होते. दुसऱ्या गिअरवर इंजिनाच्या ओढीने कशीबशी खाली आलो आणि त्याच आठवड्यात पुढच्या-मागच्या चाकांना तेलाची वेगळी वाट देणारा दुहेरी मास्टर सिलिंडर बसवून घेतला. 6 व्होल्टची मूळ वायरिंगही 12 व्होल्टवर नेलेली बरी, कारण समोरून येणाऱ्या हल्लीच्या दिव्यांपुढे आपले दिवे दिसतच नाहीत.

उत्तर – नाना पेठ

वरील मताचा आदर राखून मी जीप सुचवतो. तिचा 16 इंची टायर, क्लच प्लेट, व्हील सिलिंडर हे सारे नाना पेठेत सकाळी विचारले तर दुपारपर्यंत हाती येते. डॉजचा एखादा भाग मात्र भोसरीच्या लेथवर घडवून घ्यावा लागतो. रोजच्या गाडीत हा फरक फार मोठा आहे, कारण ती गॅरेजमध्ये उभी असली की आपण रिक्षाने जातो. जीपची उणीवही सांगायला हवी. डिफरन्शियलचे प्रमाण 5.38 असल्याने, म्हणजे टॉप गिअरमध्येही चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे 5.38 फेरे होत असल्याने, ताशी 60 किलोमीटरच्या पुढे इंजिन नुसते ओरडते, साताऱ्याच्या रस्त्यावर कान बधिर होतात, आणि घरात वयस्कर माणूस असेल तर त्यांना चढता-उतरताना त्रास होतो.

इम्पालाविषयी एकच सांगतो: तिची लांबी 213 इंच, म्हणजे 5.4 मीटर आहे. घरची पार्किंगची जागा टेपने मोजून पाहावी.

कोथरूडकर

सर्वांचे मनापासून आभार. जागा मोजली, ती बरोबर 5 मीटर भरली. इम्पालाचा विचार सोडला आहे. आई गावी सोबत येते, त्यामुळे जीपही मागे पडली. रविवारी रॉकेल आणि पेन्सिल घेऊन किंग्जवेकडे जातो. आणखी काय पाहू?

साइड व्हॉल्व्ह

पायाखालचे रबरी मॅट उचलून पत्र्यावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हळू ठोकत जा. टणक आवाज येईल तिथे पत्रा शाबूत आहे, आणि बद्द आवाज येईल तिथे वरच्या रंगाखाली तो सडलेला किंवा पुट्टीने भरलेला आहे. दुसरे म्हणजे, डाव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट उलट्या आटीचे असतात. स्वारगेटजवळ एका पंक्चरवाल्याने नेहमीच्या दिशेने पान्यावर उभे राहून माझे 2 बोल्ट तोडले होते. चाक खोलण्याआधी त्याला स्वतः सांगावे आणि तो पाना लावेपर्यंत तिथून हलू नये.