मदत हवी: पेट्रोलचे पाईप बदलायचेत, म्हापशाच्या आसपास कुठे मिळतील?

सागरवेडा:
डिकी उघडली की पेट्रोलचा भपकारा येतो. गॅरेजवाल्याने पुढचे रबरी पाईप बदलले, तरी वास तसाच. आता सगळेच बदलून टाकायचेत. म्हापसा, पणजी कुठेही चालेल, पण चांगला माल कोणाकडे मिळेल? लवकर सांगा, चवथीला गाडी काढायचीय.

कुळागरवाला:
गाडी कुठली? साल? कार्बोरेटर की इंजेक्शन? इंजेक्शनला दाब कितीतरी जास्त असतो, कार्बोरेटरचा पाईप तिथे टिकत नाही.

सागरवेडा:
एमजीबी, १९६७. दोन एसयू कार्बोरेटर.

बोरीपूल:
हा ई२० चा, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा परिणाम. इथेनॉलने जुनं रबर फुगतं, मऊ पडतं. एसएई जे३०आर९ (पेट्रोल-पाईपचं मानक) असं छापलेलाच पाईप घ्या, मीटरवर मिळणारी साधी काळी नळी अजिबात नको. आणि खालची लोखंडी लाईन काढून तांब्याची टाका.

कुळागरवाला:
तांबं नको. गाडीच्या थरथरीने ते कडक होतं आणि चिरतं. तांबं-निकेलची लाईन घ्या, आपल्या खाऱ्या हवेत ती गंजतही नाही.

बोरीपूल:
माझ्या फियाटला कित्येक वर्षं तांब्याचीच आहे. काही झालं नाही.

कुळागरवाला:
तुमची टिकली, आनंद आहे. पण पेट्रोलच्या लाईनला एक चीरही पुरते. नवीन टाकणाऱ्याला तांबं सुचवू नका.

जुनीचाकं:
१९६७ म्हणजे ५० वर्षांवर. व्हीए या व्हिंटेज गाड्यांच्या नंबर मालिकेत नोंदणी करून घ्या. केंद्राचा २०२१ चा नियम आहे, २०,००० रुपये भरले की १० वर्षं बघायला नको.

सागरवेडा:
नोंदणीचं विचारलं नाही हो. पाईप!

बोरीपूल:
आणि व्हीए घेतली की रोज फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढंच. गाडी चालवायची असेल तर आधी विचार करा.

तळपण:
सागर बाब, चावी फिरवा, इंजिन सुरू करू नका. मागच्या पंपाची टकटक थांबते का?

सागरवेडा:
थांबते, थोड्या वेळात.

तळपण:
मग पंपापासून कार्बोरेटरपर्यंत मोठी गळती नाही. टाकी फुल केली की वास वाढतो का?

सागरवेडा:
हो, खूपच. अर्ध्यावर आली की कमी होतो.

तळपण:
मग आधी टाकीकडे बघा. पेट्रोल भरायच्या तोंडापासून टाकीपर्यंत जाड रबरी नळी असते. ती तडकली की भरल्या टाकीतलं पेट्रोल वळणावर झिरपतं. दुसरा संशय पेट्रोल-मीटरच्या सेंडरच्या (टाकीतलं पेट्रोल मोजणाऱ्या भागाच्या) सीलवर. हात घालण्याआधी टाकी जमेल तेवढी रिकामी करा, बॅटरी सोडा, काम उघड्यावर करा. हॅलोजन दिवा जवळ नको, आग विझवायचा सिलिंडर हाताशी हवा. तोंडाची नळी वेगळी येते, पाईपवाल्याकडचा तुकडा तिथे बसणार नाही.

सागरवेडा:
आज संध्याकाळी बघतो. पण पाईपही बदलणारच. दुकान कोणीच सांगितलं नाही.

तळपण:
दुकान कुठलंही चालेल, पाईपवरचं आर९ स्वतः वाचून घ्या. जुन्या पाईपचा तुकडा सोबत न्या, आतला व्यास त्यावरून जुळवा. क्लिपा पेट्रोल-पाईपच्या, गुळगुळीत पट्टीच्या मागा. खाचांच्या क्लिपा रबर कापतात.