मोटारसायकलचा फ्यूज वारंवार उडतो तेव्हा : आपले अनुभव लिहावेत

गेल्या पावसाळ्यात भोरहून वरंधा घाटाने महाडकडे उतरत असताना एका अरुंद डाव्या वळणावर माझ्या मोटारसायकलचे इंजिन, दिवा आणि हॉर्न एकाच क्षणी बंद पडले. सीटखाली जादा ठेवलेला 15 अँपिअरचा निळा फ्यूज बसवला, गाडी सुरू झाली आणि थोडे अंतर जाताच तसल्याच दुसऱ्या वळणावर तोही उडाला. पावसाचे पाणी शिरले असणार, असे मी धरून चाललो आणि गाडी टेम्पोत घालून महाडला नेली. दोन दिवसांनी पेट्रोलची टाकी काढली, तेव्हा खरे कारण दिसले. हँडलच्या मानेपाशी, जिथे वायरींचा जुडगा चॅसीला वळसा घालून पुढे दिव्याकडे जातो, तिथे एका वायरीचे आवरण तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत घासून गेले होते आणि आतली तांब्याची तार काळवंडली होती. हँडल पूर्ण डावीकडे वळले की ती उघडी तार लोखंडाला टेकत असे. फ्यूज दोन्ही वेळा डाव्याच वळणावर उडाला होता, म्हणजे गाडीने खूण दिली होती आणि मी ती वाचली नाही.

म्हणून हा धागा. फ्यूज कोणत्या क्षणी उडाला, दोष अखेर कुठे सापडला आणि तो कसा शोधला, हे तिन्ही लिहावे. दुसऱ्याच्या गाडीतला दोष आपल्या गाडीत असेलच असे नाही, परंतु शोधण्याची रीत मात्र सगळ्यांच्या उपयोगी पडते.

सातारा, गॅरेजचालक

गेली वीस वर्षे मी हेच काम करतो. फ्यूज उडाला की दुसरा, तोही उडाला की तिसरा, असे फ्यूज जाळत बसण्यापेक्षा मी इंडिकेटरचा जुना 21 वॅटचा बल्ब होल्डरसह घेतो, त्याला दोन वायरी जोडतो आणि फ्यूजच्या जागी तोच लावतो. हेडलाईटचा कपलर (वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा खटका) आधी काढून ठेवावा आणि बाकीचे स्विच बंद करावेत, नाहीतर त्यांच्यातून जाणाऱ्या विजेनेही बल्ब पेटतो आणि फसगत होते. चावी फिरवल्यावर बल्ब लख्ख पेटला, तर कुठेतरी वायर थेट बॉडीला लागलेली आहे असे समजावे. मग हातात जुडगा धरून वीत-वीत अंतरावर हलवत जायचे. ज्या जागी बल्ब मंदावतो किंवा विझतो, त्या जागी दोष असतो. या बल्बातून पावणेदोन अँपिअरपेक्षा अधिक वीज जाऊच शकत नाही, त्यामुळे शोध कितीही वेळ चालला तरी वायरिंग तापत नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. माझ्याकडे आलेल्या एका गाडीत 10 अँपिअरच्या लाल फ्यूजच्या जागी कोणीतरी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवली होती. चांदी जळली नाही, पण टाकीखालच्या वायरी एकमेकींत वितळून त्यांची एकच काळी दोरी झाली होती. टाकीत पेट्रोल होते आणि खाली हा प्रकार. 10 च्या जागी 30 चा हिरवा फ्यूज घालणे हेही त्याच जातीचे काम आहे, कारण मग फ्यूजच्या आधी वायर जळते.

रत्नागिरी

माझ्या गाडीचा फ्यूज उडालेलाच नव्हता. समुद्राच्या खाऱ्या हवेमुळे आमच्याकडे कपलरच्या पितळी पिनांवर हिरवा थर चढतो. सेल्फ दाबला की नुसते टिक-टिक ऐकू येई आणि मीटरवरचे दिवे मावळत. नवी बॅटरी घालूनही फरक पडला नाही. शेवटी एका जाणत्या मित्राने मल्टिमीटरची एक टोचणी बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून मला सेल्फ दाबायला सांगितले. जिथे जेमतेम शून्य दिसायला हवे, तिथे जवळजवळ 2 व्होल्ट दिसले. अर्थच्या, म्हणजे बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या धातूला जोडणाऱ्या, वायरीचा बोल्ट गंजला होता. तो घासून घट्ट केला आणि वर पेट्रोलियम जेली लावली, तेव्हा गाडी पहिल्या दाबात सुरू झाली. फ्यूजच्या पेटीचे प्लास्टिक वितळते पण फ्यूज शाबूत राहतो, हेही याच कारणाने घडते. सैल पात्यापाशी उष्णता साठते, परंतु वीज वाढलेली नसल्यामुळे फ्यूजला उडण्याचे कारणच नसते.

नाशिक

घाटात धुके असते म्हणून मी 55 वॅटचे दोन जादा दिवे हेडलाईटच्याच वायरीवर जोडून घेतले होते. रात्री अर्धा-पाऊण तास गाडी चालवली की फ्यूज उडे, तोही बहुधा गावात शिरताना. वहीत हिशेब मांडला तेव्हा उलगडा झाला. दोन दिव्यांचे 110, मूळ हेडलाईटचे 55, ब्रेकचे 21 आणि इंडिकेटरचे 20 असे 206 वॅट होतात, आणि बॅटरीच्या 12 व्होल्टने भागले की ते 17 अँपिअरच्या वर जाते. फ्यूज 15 चा होता. थोडाच जादा भार असल्यामुळे तो लगेच न उडता तापून उडत असे. 1 एप्रिल 2017 पासूनच्या नव्या गाड्यांत इंजिन चालू असताना हेडलाईट बंद करता येत नाही, त्यामुळे हा हिशेब दिवसाही लागू होतो. आता दिव्यांना रिले (थोड्या विजेवर चालून मोठी वीज चालू-बंद करणारा स्विच) आणि बॅटरीपासून निघणारी, स्वतंत्र फ्यूज असलेली वायर दिली आहे.

नागपूर

माझ्या गाडीत फ्यूज टिकत होता आणि बल्ब जात होते. महिन्यात तीन बल्ब गेले, बॅटरीतले पाणी वारंवार आटू लागले आणि मी ते उन्हाळ्याच्या माथी मारले. इंजिनचा वेग वाढवून बॅटरीच्या टोकांवर मोजले, तेव्हा 16 व्होल्ट दिसले. तिथे 14.5 च्या वर जाणे बरे नव्हे. दोष बॅटरीला जाणारी वीज मर्यादेत ठेवणाऱ्या रेक्टिफायरमध्ये होता आणि तो बदलल्यावर सगळे थांबले.

डोंबिवली

सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंदरांनी सीटखालच्या वायरी कुरतडल्या होत्या. गाडी पंधरा दिवस उभी असेल, तर फ्यूजकडे वळण्याआधी सीट उघडून लेंड्या आहेत का ते पाहावे.

कोल्हापूर

वडिलांची जुनी गाडी मी त्यांच्या पश्चात चालवते. तिचा काचेच्या नळीचा फ्यूज आठवड्यातून दोनदा उडत असे आणि दर वेळी मला नवी वायरिंग टाकून घेण्याचा सल्ला मिळे. ती गाडी वडिलांनी जशी ठेवली होती, तशीच ठेवायची माझी इच्छा होती, म्हणून एका रविवारी चार फ्यूज घेऊन मी स्वतः बसले. नुसती चावी फिरवली, फ्यूज टिकला. हॉर्न वाजवला, टिकला. दोन्ही बाजूंचे इंडिकेटर लावले, टिकला. मागच्या ब्रेकवर पाय ठेवताच उडाला. खात्रीसाठी दुसऱ्या फ्यूजवर हाच क्रम पुन्हा केला आणि तोही ब्रेकवरच गेला. याचा अर्थ दोष ब्रेकचा स्विच आणि मागचा दिवा यांच्या मधल्या हातभर वायरीत होता. मडगार्डखाली टॉर्च घेऊन पाहिले, तर कॅरिअर बसवताना घातलेल्या लांब बोल्टचे टोक वायरीच्या आवरणात रुतलेले दिसले. बॅटरीचे ऋण टोक सोडवून तो बोल्ट काढला, उलट बाजूने घातला आणि वायर पुन्हा जोडून तिच्यावर सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी चढवली. चारपैकी दोन फ्यूज उरले, ते टूलकिटच्या पिशवीत वडिलांच्या पान्यांजवळ ठेवले आहेत.